फिरंगोजींचे दोन किल्ले

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या माळशिरसच्या आसपासच्या एखाद्या तरी शाळेतून निरोप येतो. "सर, एकोणीस तारखेला या. शिवजयंती आहे. मुलांना चार शब्द सांगा." आता सत्तरी ओलांडली, आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, गुडघे तर केव्हाच संपावर गेलेत. पण आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या माणसाला वर्गाचे बोलावणे नाकारता येत नाही. मी जातो.

इतकी वर्षे अशा वेळी माझी एक ठरलेली गोष्ट असे. चाकणच्या किल्ल्याची. ती मला पाठ होती आणि मुलांना आवडायची. यंदा मात्र मी तीच गोष्ट पुढे नेली, जिथे आजवर थांबायचो तिथे थांबलो नाही. हे का केले, ते आज लिहायचे आहे. थोडे लांबेल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी चाकणची गोष्ट.

फिरंगोजी नरसाळा हे चाकणचे किल्लेदार. शहाजीराजांच्या जहागिरीतला हा किल्ला. १६४७ मध्ये दादोजी कोंडदेव वारले आणि जहागिरीचा कारभार तरुण शिवाजीराजांनी स्वतःच्या हाती घेतला. त्या वेळी जुन्या अंमलदारांपैकी काहींनी राजांना सरळ मान्यता दिली नाही. फिरंगोजींनी दिली. राजांनीही त्यांना चाकणवरच कायम ठेवले. वय जेमतेम सतरा असलेल्या धन्याला एका जाणत्या माणसाने धनी मानले, ही गोष्टच मला पहिल्यापासून मोठी वाटत आली आहे.

पुढे १६६० साल उजाडले. शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात उतरला. महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. २१ जूनला खान चाकणसमोर आला. चाकण म्हणजे काही रायगड नव्हे. सपाटीवरचा भुईकोट. भोवती खंदक, चार कोपऱ्यांना बुरूज आणि आत मूठभर शिबंदी. पावसाळा सुरू झालेला. खानाला वाटले असेल, आठ दिवसांचे काम आहे.

लागले पंचावन्न दिवस. मोगलांच्या तोफा चालल्या, मोर्चे लागले, तरी किल्ला हलेना. शेवटी त्यांनी जमिनीखालून सुरुंग खणत आणला आणि १४ ऑगस्टला एक बुरूज उडवून दिला. बुरुजावरची माणसे त्याच्यासोबत गेली. त्या खिंडारातून मोगल आत घुसायला आले, तर आतल्यांनी मागे मातीचा बांध घालून ठेवलेला! तिथे रात्रीपर्यंत झुंज झाली. दुसऱ्या दिवशी, अगदी इलाज उरला नाही तेव्हा, राव भावसिंहाच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला खाली केला. मोगलांची २६८ माणसे मेली आणि ६०० जखमी झाली, असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे. एका लहानशा गढीवजा किल्ल्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली, म्हणून तर पुढे खानाला डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला जाण्याचा उत्साह राहिला नाही.

खानाने फिरंगोजींना मोगली चाकरी देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. ते परत महाराजांकडे आले. महाराजांनी किल्ला गेला म्हणून रागे भरले नाही, उलट सन्मान केला आणि त्यांना भूपाळगड सांभाळायला दिला.

इथे मी थांबत असे. मुले टाळ्या वाजवत. घंटा होई.

एकदाच एका पोराने मला अडवले होते. साल नेमके आठवत नाही, पण माझी नोकरी नवी होती. शेवटच्या बाकावरून तो उठला आणि म्हणाला, "सर, मग भूपाळगडावर पुढं काय झालं?"

मला माहीत होते काय झाले ते. शिवाजी विद्यापीठाची बी.ए. होती, सरकार वाचले होते, सरदेसाई वाचले होते. पण मी म्हणालो, "तिथे त्यांनी पुष्कळ वर्षे चाकरी केली. बस खाली." तो बसला. उत्तर खोटे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते.

आता दुसरा किल्ला.

भूपाळगड म्हणजे आजचा बाणूरगड. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्याला अगदी खेटून. विजापूरच्या बाजूने येणाऱ्यावर नजर ठेवणारा हा स्वराज्याचा सरहद्दीवरचा गड. महाराजांचा खजिना ठेवण्याची ही एक जागा होती. आणि लढाईची धामधूम सुरू झाली की आसपासच्या खेड्यांतली कुणब्यांची कुटुंबे आपले किडूकमिडूक घेऊन याच गडाच्या आसऱ्याला येत. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. गड म्हणजे नुसते दगड आणि तोफा नव्हेत, वर लेकुरवाळी माणसे होती.

डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे सज्जनगडाहून निघून दिलेरखानाला जाऊन मिळाले. कारणे घरातली होती, मनातली होती. एकवीस वर्षांचे वय. मी त्या वयाच्या पोरांना आयुष्यभर पाहिले आहे. घरात आपल्याला कुणी समजून घेत नाही असे वाटले की ती कोणत्या दारात जाऊन उभी राहतील ते सांगता येत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल कठोर लिहायला माझी लेखणी धजत नाही. आणि पुढे दहा वर्षांनी त्यांनी जे भोगले आणि ज्या ताठ मानेने भोगले, त्यानंतर तर नाहीच. पण घडले ते घडले. दिलेरखानाला तर घबाडच मिळाले. हा तोच दिलेरखान, ज्याच्यासमोर १६६५ मध्ये पुरंदरला मुरारबाजी देशपांडे लढता लढता पडले. मराठ्यांचा किल्ला किती महाग पडतो हे त्याला पक्के ठाऊक होते. आता त्याच्याकडे असे काही होते, जे पुरंदरला नव्हते. धन्याचा मुलगा.

एप्रिल १६७९ च्या सुरुवातीला खान भूपाळगडावर आला. मोगलांनी शेजारच्या टेकडीवर तोफा चढवल्या. जदुनाथ सरकारांच्या हकिकतीप्रमाणे सकाळी नऊच्या सुमारास हल्ला सुरू झाला आणि दुपारपर्यंत झुंज होऊन गड पडला. मराठी परंपरेत जी गोष्ट सांगतात ती अशी, की समोर खुद्द युवराज आहेत हे पाहून फिरंगोजींचा हात तोफेला बत्ती द्यायला उचलेना. धन्याच्या लेकावर गोळा कसा टाकायचा? आणि त्याला दार तरी कसे उघडायचे? दोन्ही जमेना, तेव्हा ते गड सोडून महाराजांकडे निघून गेले.

गड पडल्यावर दिलेरखानाने काय केले? जिवंत सापडलेल्यांपैकी सातशे जणांचा एकेक हात तोडून त्यांना सोडून दिले. बाकीच्यांना गुलाम म्हणून विकले.

सातशे. आकडा पुन्हा एकदा वाचावा. त्यांतले किती शिबंदीचे आणि किती आसऱ्याला आलेले कुणबी, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. हात तोडलेला माणूस नांगर कसा धरत असेल, मोट कशी हाकत असेल, हे मला वर्गात सांगता आले नसते. म्हणून मी चाकणवर थांबत असे, असे मी स्वतःला समजावत आलो. मुले लहान आहेत, कशाला त्यांना हे.

खरे कारण निराळे होते. निदान १९९१ नंतर तरी.

त्या वर्षी मार्चमध्ये मी दहावीच्या परीक्षेचा केंद्रसंचालक होतो. गावाचे आणि शाळेचे नाव लिहीत नाही. केंद्रसंचालक म्हणजे त्या दोन-तीन आठवड्यांपुरता किल्लेदारच. सीलबंद पाकिटे यायची, पर्यवेक्षकांच्या सह्या घेऊन ती फोडायची, घंटा वेळेवर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजून रवाना. मला या कामाचा अभिमान होता. माझ्या केंद्रावर कॉपी चालत नाही, असा माझा लौकिक होता.

सभासदाच्या बखरीत महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. एका गडावर एकाच माणसाची सत्ता नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघे सारख्या दर्जाचे. एक फितला तर दुसरा आहे, दुसरा फितला तर तिसरा. किती शहाणी व्यवस्था! आमच्या परीक्षेतही तेच. पर्यवेक्षक, केंद्रसंचालक, वरून भरारी पथक. पण या सगळ्या व्यवस्था फितुरीसाठी असतात, लाचेसाठी असतात. भिडेसाठी कुठलीही व्यवस्था करता येत नाही. भीड ही एकाच वेळी तिघांनाही पडू शकते.

इंग्रजीच्या पेपराला एक मुलगा सापडला. वस्तीवरचा, मेंढपाळाचा पोरगा. चार-पाच मैल चालत येणारा. बाहीत चिठ्ठी होती, दोन बोटे रुंदीची. मी स्वतः पकडला. तो रडला नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिला. मी फॉर्म भरला, त्याचा जबाब घेतला, सही घेतली. नियम तो नियम. त्याची त्या परीक्षेची सगळी संपादणूक रद्द झाली.

दोन दिवसांनी बीजगणिताचा पेपर होता. मी फेरी मारत होतो. एका खोलीत नवा, तरुण पर्यवेक्षक दाराशी उभा होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता. त्याने मला नजरेनेच तिसऱ्या रांगेकडे पाहायला सांगितले. तिथल्या मुलाच्या उत्तरपत्रिकेखाली गाइडाची फाडलेली पाने होती. चिठ्ठी नव्हे, पानेच्या पाने. आणि तो मुलगा होता आमच्या गुरुजींचा नातू.

गुरुजी म्हणजे ज्यांनी मला सातवीत पोटच्या पोरासारखे शिकवले, ज्यांच्या घरी मी अकरावीला राहून अभ्यास केला, ज्यांच्या एका शब्दावर मला नोकरी लागली. ते तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. आदल्याच रविवारी मी त्यांना भेटून आलो होतो. "नातवाकडं लक्ष ठेव," एवढेच ते म्हणाले होते, आणि त्यांच्या मनात वावगे काहीच नव्हते हे मी आजही शपथेवर सांगेन.

मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पर्यवेक्षक माझ्याकडे पाहत होता. मी त्याला म्हणालो, "पुढच्या खोलीत जादा पुरवण्या हव्यात का बघून या." तो गेला. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर लिंबाचे झाड होते, त्याला नवी पालवी फुटली होती. मी झाडाकडे पाहत बराच वेळ उभा राहिलो. मग पुढच्या खोलीत गेलो.

एवढेच. कुणी काही बोलले नाही. निकाल लागला, नातू पास झाला. गुरुजी त्याच पावसाळ्यात गेले. मेंढपाळाचा पोरगा पुन्हा परीक्षेला बसला नाही.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा चाकणची गोष्ट सांगितली, तेव्हा शेवटच्या बाकावरचा तो जुना प्रश्न मला ऐकू यायचा. आणि मला कळत होते की फिरंगोजी चाकणवर जे करू शकले आणि भूपाळगडावर जे करू शकले नाहीत, त्यात दोन वेगळे फिरंगोजी नाहीत. माणूस तोच. त्याची निष्ठाही तीच. चाकणला समोर शाहिस्तेखान होता, त्यामुळे निष्ठा आणि कर्तव्य एकाच बाजूला उभे होते. भूपाळगडाला तीच निष्ठा कर्तव्याच्या आडवी आली. ज्या घराण्याचे मीठ खाल्ले, त्याच घराण्याचे लेकरू तोफेच्या तोंडाशी. शत्रूपुढे शूर असणे कठीण असते हे खरेच, पण त्यात मनाची ओढाताण नसते. आपल्याच माणसाला "नाही" म्हणताना मात्र अख्खे आयुष्य आडवे येते. १६४७ ते १६७९, बत्तीस वर्षांची चाकरी त्या एका सकाळी फिरंगोजींच्या हातावर बसली असेल.

आणि दुसरी गोष्ट त्याहून कडू. आपण ज्याची भीड धरतो त्याचे काही बिघडत नाही. भीड धरणाऱ्याचेही बहुधा निभावते. किंमत तिसराच मोजतो. भूपाळगडाची किंमत सातशे जणांनी मोजली.

नोव्हेंबर महिन्यात माझा पुतण्या गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, कुठं जायचं सांगा." मी म्हणालो, बाणूरगड. त्याने नावही ऐकले नव्हते. वेळापूर, महूद, दिघंची, आटपाडी करत भिवघाटाकडून आम्ही गेलो. हा सगळा माणदेश. आमच्या लहानपणी याचे नाव काढले की दुष्काळच डोळ्यांपुढे यायचा. आता टेंभूच्या पाण्याने जागोजागी डाळिंबाच्या बागा दिसतात. बघून बरे वाटले.

गडावर गावच वसलेले आहे. लोक राहतात, कोंबड्या फिरतात, शेतीही चालते. वर महादेवाचे देऊळ आहे, आणि महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी आहे. तिथे फुले वाहिलेली होती. फिरंगोजींची खूण मी शोधली नाही, ती सापडणारही नव्हती. तटाच्या पडक्या दगडांवर बसून मी समोरची टेकडी बघत होतो. कुठली ती टेकडी, तोफा चढवलेली, ते कसे सांगावे? सगळ्याच टेकड्या सारख्या. पुतण्या फोटो काढत होता. मला राहून राहून वाटत होते, इथून युवराजांचा चेहरा दिसला असेल का? की नुसते निशाण दिसले असेल आणि उरलेले मनानेच पाहिले असेल? मला तर तिसऱ्या रांगेतून चेहरा स्पष्ट दिसला होता.

परत आल्यावर मी ठरवले की त्या पोराला भेटायचे. पोरगा कसला, आता पन्नाशीचा बाप्या आहे. मधल्या काळात तो मला दिसत असे. आषाढात माउलींची पालखी माळशिरस मुक्कामी येते तेव्हा तो दरवर्षी वारकऱ्यांना पाणी वाटायला रस्त्याच्या कडेला उभा असतो. मला पाहिले की तांब्या खाली ठेवून पाया पडतो. दरवर्षी मी "सुखी राहा" म्हणतो आणि पुढे सरकतो. पाया पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत न बघता आशीर्वाद देता येतो, हे मला फार चांगले जमते.

त्याच्या वस्तीवर गेलो. थोडी मेंढरे आहेत, दीड एकर डाळिंब लावले आहे. मुलगी नर्सिंगला आहे, हे त्याने अभिमानाने सांगितले. बाजेवर वाकळ टाकून मला बसवले, चहा आला. इकडचे तिकडचे बोलून झाले. मग मी त्याला १९९१ ची सगळी गोष्ट सांगितली. गाइडाची पाने, गुरुजींचा नातू, लिंबाचे झाड. सांगताना माझा आवाज कापत होता.

तो मेंढरांकडे बघत ऐकत होता. माझे संपल्यावर म्हणाला, "सर, ते तवाच समद्यांना ठावं हुतं की."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

"त्याच दिवशी सांजच्याला पारावर कळलं. पोरं बोलत हुती. माझा बा म्हणला, बघ, चिठ्ठी सापडती आन् पुस्तक सापडत न्हाई. शाळा आपली न्हाई. मंग मीबी न्हाई गेलो."

जरा वेळाने तोच म्हणाला, "पर माझ्याकडं चिठ्ठी हुतीच की सर. तुमी मला धरलं त्यात काय चुकलं न्हाई." आणि चहाची कपबशी उचलून आत गेला.

मंडळी, तीस वर्षांहून अधिक काळ मी हे गुपित म्हणून सांभाळले. आणि ते गुपित नव्हतेच. ज्या गावात माझ्या कडक शिस्तीचा लौकिक होता असे मी मानत होतो, त्या गावाला माझी शिस्त कुठे संपते ते नेमके माहीत होते. मला वाटायचे मी एका मुलाला सूट दिली. प्रत्यक्षात मी एका बापाला शाळेबद्दल काहीतरी शिकवले, आणि तो धडा त्याने पक्का लक्षात ठेवला.

फिरंगोजींच्या शेवटाबद्दल परंपरेत कठोर शिक्षेची कथा सांगतात. महाराजांनी चाकण गेल्यावर मान दिला आणि भूपाळगड गेल्यावर दंड केला, असा तिचा रोख आहे. पूर्वी मला ही कथा निष्ठुर वाटायची. एवढा जुना माणूस, त्याचे कसे काय चुकले? त्याने तर राजाच्याच मुलाला वाचवले! आता मला त्या कथेचे मर्म कळते असे वाटते. किल्ला हरणे हा गुन्हा नाही. चाकणही गेलेच होते. पण किल्लेदाराने आपले मन राखण्यासाठी किल्ला सोडला, तर वर आसऱ्याला आलेल्यांनी कुणाकडे बघायचे? गड राजाच्या घराण्यासाठी नव्हता, रयतेसाठी होता, आणि हे खुद्द राजाला सगळ्यांत जास्त कळत होते.

युवराजांचेही सांगायला हवे. अथणीच्या लोकांना गुलाम म्हणून विकण्याचा घाट दिलेरखानाने घातला, तेव्हा संभाजीराजांनी त्याला विरोध केला. त्याच सुमारास, नोव्हेंबर १६७९ मध्ये, ते खानाच्या छावणीतून निसटले, विजापूरमार्गे पन्हाळ्यावर परत आले. तिथे बाप-लेकांची भेट झाली. महाराज त्यानंतर तीन-चार महिनेच जगले. भूपाळगडावर जे पाहिले ते शंभूराजांच्या मनात किती खोल गेले असेल, याचा मी विचार करतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये ते पकडले गेल्याची खबर औरंगजेबाला मिळाली, तेव्हा बादशहाची छावणी आमच्याच तालुक्यात, अकलूजला पडलेली होती. त्यानंतर जे झाले ते सारा महाराष्ट्र जाणतो. एकवीसाव्या वर्षी चुकलेला मुलगा एकतिसाव्या वर्षी मरणापुढेही वाकला नाही. चुकलेल्या माणसाला पुन्हा उभे राहता येते, हे त्यांनी दाखवले. मात्र त्याला वेळ मिळावा लागतो. मेंढपाळाच्या पोराला आम्ही तो दिला नाही.

तर यंदाच्या शिवजयंतीला मी शाळेत गेलो. नेहमीप्रमाणे चाकण सांगितले. टाळ्या झाल्या. मग म्हणालो, "बसा, गोष्ट अजून अर्धी आहे." आणि भूपाळगड सांगितला. सातशे हातांचेही सांगितले. मुले गप्प झाली. शिक्षक जरा चुळबुळत होते, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघत होते.

नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, मग फिरंगोजींनी काय करायला पाहिजे होतं?"

मी म्हणालो, "गड सोडायला नको होता."

ती खाली बसेना. तिला माझ्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी दिसले असावे. मग मी म्हणालो, "सांगायला सोपं आहे, बाळ. माझ्यावर तशी वेळ आली होती, मलाही ते जमलं नव्हतं."

घंटा झाली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. बाहेर पडताना ती मुलगी फाटकापर्यंत माझ्यासोबत आली, माझी पिशवी तिने हातात घेतली होती. काही विचारले नाही. रिक्षात बसल्यावर पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी पण या, सर."

असो. कुणाला फिरंगोजींबद्दल याहून वेगळे वाटत असेल तर जरूर कळवावे. मी वाचेन.